बाहेरचे स्वयंपाकघर: आधी पाऊस, मग ओटा

कोकणात परसदारची चूल आणि तिच्या शेजारची मोरी ही कधीच नवलाईची गोष्ट नव्हती. अलिबाग-दापोलीपासून मुळशी-पानशेतपर्यंत बांधल्या जाणाऱ्या बंगल्यांत आणि शेतघरांत तीच जागा आता 'आउटडोअर किचन' या नावाने परत येत आहे, मात्र तिची चित्रे बहुतेक ऑस्ट्रेलिया किंवा कॅलिफोर्नियाहून आलेली असतात. त्या चित्रांत उघड्या आकाशाखाली चकचकीत स्टीलचा ओटा असतो, पिझ्झाची भट्टी असते, ओट्याखाली बसवलेला फ्रिज असतो. नसतो तो फक्त चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक कोसळणारा पाऊस. म्हणून यातली कोणती पद्धत उचलावी आणि कोणती चित्रातच राहू द्यावी, हे ठरवताना प्रत्येक वस्तूला पहिला प्रश्न जुलै महिन्याचा विचारावा.

शक्य असल्यास बांधकामाला हात घालण्यापूर्वी एक पावसाळा जाऊ द्यावा. ठरवलेल्या जागी एक जुने टेबल मांडून वारा-पावसाच्या दिवशी झड कुठपर्यंत येते ते पाहावे आणि भिंतीवर तेलरंगाने खूण करून ठेवावी, कारण खडूची खूण त्याच पावसात धुऊन जाते. आपल्याकडे मोसमी वारे नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतात, तेव्हा त्या बाजूला पक्की भिंत किंवा घराचाच आडोसा घ्यावा आणि पूर्वेची व उत्तरेची बाजू उघडी ठेवावी. घरातल्या स्वयंपाकघराची बाहेरच्या ओट्याशी पाठीला पाठ लावता आली तर पाणी, गॅस आणि वीज या तिन्हींचा खर्च वाचतो.

छपराच्या बाबतीत सध्या यंत्राने उघडझाप होणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या मांडवाची मोठी चलती आहे. दिवाळी ते होळी तो सुखाचा असतो, हे खरेच. परंतु त्याच्या पट्ट्यांतून वाहणारे पाणी बारीक पन्हळींतून खांबात उतरते, आणि वर आंबा किंवा फणस असेल तर त्या पन्हळी पहिल्याच जोराच्या सरीत पाचोळ्याने तुंबतात. शिवाय तिरपा पाऊस बाजूने आत यायचा तो येतोच. माझ्या मते तेवढाच पैसा कौलारू छपरावर आणि तीन फूट पुढे आलेल्या वळचणीवर खर्चावा. वळचण खाली आली की धूर कोंडतो, त्यामुळे चुलीवर स्वतंत्र धुराडे काढून ते आढ्यापेक्षा निदान दोन फूट वर न्यावे. जमिनीला दर मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार द्यावा, पागोळ्या पडतात त्या रेषेत उघडी नाली काढावी आणि गुळगुळीत टाइल्सऐवजी खरबरीत शहाबादी किंवा पॉलिश न केलेला कोटा घालावा, म्हणजे हातात कढई घेऊन घसरण्याची वेळ येणार नाही.

ओट्याच्या दगडाबाबत एक चूक मी स्वतः करून बसलो आहे. आतल्या ओट्यावर शोभून दिसणारा पांढरा क्वार्ट्‌झ आम्ही बाहेरही बसवला. या दगडाची भुकटी रेझिनने बांधलेली असते आणि रेझिनला ऊन सोसत नाही, ही साधी गोष्ट विकणाऱ्याने सांगितली नाही आणि आम्ही विचारली नाही. दोन उन्हाळ्यांनंतर ओट्याचा उन्हातला अर्धा भाग जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळा आणि छपराखालचा अर्धा पांढराच राहिला. त्या दोहोंमधली सरळ रेषा आजही पाहुण्यांच्या नजरेत भरते. उन्हासाठी लेदर फिनिशचा, म्हणजे चकाकी नसलेला किंचित खडबडीत ग्रॅनाइट हा निर्धास्त पर्याय आहे, मात्र काळा घेतल्यास एप्रिलच्या दुपारी त्यावर हात टेकवत नाही, म्हणून करडा निवडावा. हल्ली ज्याची बरीच चर्चा आहे तो सिंटर्ड स्टोन, म्हणजे खनिजांची भुकटी दाबून आणि भाजून केलेला दगडही ऊन आणि आच दोन्ही सोसतो. त्याच्या कडा मात्र जड भांडे आपटल्यास टवका उडण्याइतक्या नाजूक असतात. जांभ्याची भिंत अवश्य ठेवावी, पण तो सच्छिद्र दगड तेल पितो, त्यामुळे शेगडीमागचा दोन फुटांचा पट्टा ग्रॅनाइटने मढवून घ्यावा.

ओट्याखाली प्लायवुडची कपाटे करू नयेत, त्यावर कितीही महागडा मुलामा असला तरी. विटांच्या खणांत कडप्प्याचे कप्पे ही आपल्याकडची जुनी रीत बाहेर सर्वांत टिकाऊ ठरते आणि कुठल्याही गवंड्याला ती येते. तयार स्टीलचे खण घ्यायचेच असतील तर किनाऱ्यालगत ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचे स्टील मागावे; त्यात मॉलिब्डेनम असल्याने खाऱ्या हवेपुढे ते अधिक तग धरते. ३०४ वर पहिल्याच वर्षी चहाच्या थेंबांसारखे तपकिरी डाग येतात, आणि त्यांची सुरुवात हमखास बिजागऱ्यांपासून होते.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे विस्तव. सिलिंडरमधला घरगुती गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो तळाशी साचतो. सिलिंडरच्या खणाला जमिनीलगत समोरासमोर दोन जाळ्या ठेवाव्यात, तो खण कधीही खोलगट करू नये आणि नालीचे तोंड त्याच्याजवळ आणू नये. वाऱ्याने ज्योत विझू नये यासाठी शेगडीच्या तीन बाजूंनी दीड फुटाचा कठडा पुरेसा होतो. चूल सिलिंडरपासून निदान दहा फूट लांब आणि ओट्यापेक्षा खाली बांधावी, कारण मोठ्या पातेल्यातले मटण ढवळताना खांदा वर उचलावा लागला की स्वयंपाकाची हौस फिटते. चुलीला वैल, म्हणजे जोडीचे दुसरे तोंड, आवर्जून ठेवावा: मुख्य तोंडावर भाकरी होत असताना पुढे सरकलेल्या जाळावर आमटी मंद उकळत राहते, आणि ही सोय कोणत्याही आयात बार्बेक्यूत मिळत नाही. आतून फायरब्रिक लावावी; साध्या विटा सततच्या आचेने तडकतात.

पिझ्झाच्या भट्टीविषयी विचारणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की, वर्षातून किती वेळा? आमच्या ओळखीच्या दोन घरांत त्या भट्टीत सध्या पाली सुखाने नांदत आहेत. त्याऐवजी बाजूला पाच फूट लांब-रुंद मातीची मोकळी जागा सोडावी, म्हणजे थंडीत तिथे वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला घातलेले पोपटीचे मडके लावता येते, आणि देशावर घर असेल तर हुरड्याची आगटी करता येते. हा जाळ फरशीवर करू नये, कोट्याचे पापुद्रे सुटतात.

विजेच्या सर्व जोडण्यांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच बसवावा आणि दिवे धूळ व पाण्याचे फवारे आत न घेणाऱ्या आयपी ६५ दर्जाचे घ्यावेत. मोरीचे पाणी तेल अडवणाऱ्या छोट्या टाकीतून गाळून केळी-अळूला सोडावे.

मेअखेरीस शेगडी सोडवून आत न्यावी, बिजागऱ्यांना तेल द्यावे, धुराड्यावर पत्र्याची टोपी आहे याची खात्री करावी आणि नालीत एक बादली पाणी ओतून ते कुठे थबकते का ते पाहावे.