वॉर्डाच्या राउंडसाठी ऑगमेंटेड रिॲलिटीचा चष्मा कसा वापरात आणावा

ऑगमेंटेड रिॲलिटीचा चष्मा म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावरच संगणकातली माहिती दाखवणारा चष्मा. तो खरेदी करण्याआधी वॉर्डात आठवडाभर एक साधी वही ठेवावी आणि निवासी डॉक्टरांचा वेळ नेमका कुठे जातो, हे तिच्यात टिपून घ्यावे. केसपेपरवरचे मुद्दे संगणकात पुन्हा भरणे, एक्स-रे पाहण्यासाठी नर्सिंग स्टेशनपर्यंत हेलपाटे घालणे, वरिष्ठांचे मत मिळेपर्यंत ताटकळणे, यांपैकी कोणते काम चष्म्याने कमी व्हायचे आहे, ते आधी ठरवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची, म्हणजे कामामुळे येणाऱ्या पराकोटीच्या थकव्याची, व्याख्या करताना त्याचे मूळ कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घकालीन ताणात असल्याचे नोंदवले आहे. घाईने आणलेले यंत्र त्या ताणात भरच घालते.

सुरुवात संसर्गजन्य रुग्णांच्या वॉर्डापासून करावी. लंडनच्या इम्पीरियल कॉलेज हेल्थकेअरच्या रुग्णालयांत २०२० साली होलोलेन्स हा मायक्रोसॉफ्टचा असा चष्मा घातलेला एकच डॉक्टर कोविड रुग्णांजवळ जाई आणि बाकीचा चमू सुरक्षित खोलीत बसून, त्याला दिसणारेच दृश्य पडद्यावर पाहत चर्चा करी. धोक्याच्या भागात कर्मचाऱ्यांना घालवावा लागणारा वेळ त्यामुळे ८३ टक्क्यांपर्यंत घटल्याचे तेव्हा सांगण्यात आले होते. साध्या वॉर्डात एवढ्या बचतीची अपेक्षा धरू नये.

आतल्या डॉक्टरने फक्त रुग्णाला तपासावे आणि त्याच्याशी बोलावे. बाहेर बसलेल्या एका सहकाऱ्याने त्याच वेळी नोंदी पूर्ण कराव्यात आणि औषधे व मात्रा मोठ्याने वाचून खात्री करून घ्यावी. माझ्या मते सगळे यश या दुसऱ्या माणसावर अवलंबून आहे, कारण तो नसेल तर सारे लेखन पुन्हा रात्रीच्या जागरणावर जाते.

होलोलेन्स २ चे वजन ५६६ ग्रॅम आहे आणि बॅटरी दोन ते तीन तास चालते, म्हणून एकाच डॉक्टरला तो सलग तासाभरापेक्षा जास्त घालायला लावू नये. पट्टा मास्क चढवल्यानंतरच बसवून पाहावा, नाहीतर ऐन राउंडमध्ये चष्मा नाकावर उतरतो. मायक्रोसॉफ्टने २०२४ साली त्याचे उत्पादन थांबवले असल्याने, कोणताही संच घेताना दुरुस्ती आणि सॉफ्टवेअर किती वर्षे मिळणार, हे लेखी घ्यावे.

चष्म्यात कॅमेरा असतो, तेव्हा परवानगी आधी आणि रुग्णाच्या भाषेत मागावी: “काकू, या चष्म्यातून आमचे मोठे डॉक्टर तुम्हाला पाहतील, चित्रण साठवले जाणार नाही, चालेल ना?” मग चित्रण खरोखरच बंद असल्याची खात्री करावी. वाईट बातमी सांगायची असेल, तर होलोलेन्स २ ची काच वर उचलता येते. ती उचलून, डोळ्यांत पाहून बोलावे.

चार आठवड्यांनी तीच वही पुन्हा आठवडाभर भरावी आणि डॉक्टर वॉर्डातून निघण्याची वेळ आधीच्या आठवड्याशी ताडून पाहावी. डॉक्टर आता लवकर घरी जात नसतील, तर चष्मा परत करून त्या पैशांत एक लेखनिक नेमावा.