‘एमआयटी’ला अर्ज करताना या चुका टाळा : कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी

कोल्हापुरात कोणी ‘मुलीला एमआयटीला घालायचे आहे’ असे म्हटले, की ऐकणारा हमखास विचारतो, ‘कोथरूडच्या का?’ या प्रश्नात गैर काही नाही. पुण्यात १९८३ साली सुरू झालेली महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, कर्नाटकातील मणिपाल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि चेन्नईची मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या सर्वांचे लघुरूप एकच आहे. प्रस्तुत लेख मात्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीविषयी आहे. विल्यम बार्टन रॉजर्स यांच्या पुढाकाराने १८६१ साली सनद मिळालेली ही संस्था पहिली अनेक वर्षे बोस्टन शहरात होती आणि १९१६ साली ती चार्ल्स नदीपलीकडे केंब्रिज येथे गेली. ती खासगी आहे. परंतु ‘खासगी’ या शब्दाने आपल्या मनात उभे राहणारे मॅनेजमेंट कोट्याचे चित्र तिला लागू पडत नाही. देणगी भरून किंवा एजंटामार्फत तेथे जागा मिळत नाही, आणि तशी हमी देणाऱ्या माणसाशी व्यवहार करण्याचे काहीच कारण नाही.

महाराष्ट्राचा या संस्थेशी संबंध जुना आहे. पुण्याचे केशव मल्हार भट १८८२ साली तेथे दाखल झाले आणि ते तेथील पहिले भारतीय विद्यार्थी मानले जातात. त्या काळी बोटीने जाऊन त्यांनी जे साधले, ते आज घरबसल्या अर्ज भरताना अडते, याचे मुख्य कारण माझ्या मते इंग्रजी किंवा पैसा हे नसून सीईटी आणि कॅप राउंड यांनी आपल्याला लावलेल्या सवयी हे आहे. आपण प्रवेश म्हणजे गुण, गुण म्हणजे क्रमांक आणि क्रमांक म्हणजे शाखा असे समीकरण मांडून बसतो. तेथे यांपैकी एकही पायरी त्या रूपात नाही, आणि पुढील बहुतेक चुका त्यातूनच उद्भवतात.

कटऑफ शोधत बसणे

‘एमआयटीला किती लागतात?’ हा पालकांचा पहिला प्रश्न असतो आणि त्याला उत्तर नाही, कारण कटऑफ जाहीर होत नाही, तो नसतोच. एसएटी किंवा एसीटी या अमेरिकी महाविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षांपैकी एक मात्र अनिवार्य आहे. महामारीच्या काळात स्थगित केलेली ही अट संस्थेने २०२२ साली पुन्हा लागू केली. गणितात पूर्ण गुणांच्या जवळ जाणे अपेक्षित असते. परंतु तेवढ्याने काम भागत नाही. अलीकडच्या वर्षांत २८ ते २९ हजार अर्जांतून सुमारे १३०० विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ केला जातो, म्हणजे प्रमाण पाच टक्क्यांहूनही कमी, आणि परदेशी अर्जदारांसाठी ते त्याहून बरेच खाली. त्यामुळे एसएटीतील शेवटचे वीस गुण वाढवण्यासाठी तिसऱ्यांदा परीक्षा देणारा विद्यार्थी बहुधा चुकीच्या ठिकाणी घाम गाळत असतो.

याच सवयीचे दुसरे रूप म्हणजे अकरावी हे विश्रांतीचे वर्ष समजणे. आपल्याकडे अकरावीचे गुण कोणी विचारत नाही, म्हणून अनेक महाविद्यालयांत ते वर्ष कसेबसे पार पडते. तेथे मात्र नववीपासूनची गुणपत्रके पाहिली जातात आणि दहावीत ९७ टक्के असलेल्या मुलाचे अकरावीत ६४ टक्के दिसले, तर वाचणाऱ्याला प्रश्न पडतोच. ज्यांचे हे वर्ष होऊन गेले आहे, त्यांनी ते लपवण्याचा प्रयत्न करू नये. महाविद्यालयाच्या अहवालात प्राचार्यांकडून तेथील मूल्यमापनाची पद्धत दोन वाक्यांत स्पष्ट करून घ्यावी.

शाखा आधी ठरवणे

‘कॉम्प्युटर मिळाले तरच जाऊ’ ही अट येथे निरर्थक आहे, कारण प्रवेश शाखेत नव्हे, संस्थेत मिळतो आणि मुख्य विषय पहिल्या वर्षाच्या अखेरीस निवडायचा असतो. त्यासाठी जागांची मर्यादा नाही. पहिल्या सत्रात उत्तीर्ण झाल्यास केवळ तशी नोंद होते आणि अनुत्तीर्ण झाल्यास नोंदच राहत नाही. उलट सर्वांना समान असलेल्या अभ्यासक्रमात सतरा विषय येतात. त्यांत कलनशास्त्र आणि भौतिकशास्त्राचे प्रत्येकी दोन, रसायनशास्त्राचा एक आणि जीवशास्त्राचाही एक विषय असतो. आठ विषय मानव्यविद्या, कला आणि सामाजिक शास्त्रांचे असतात. दहावीनंतर ‘अ’ गट घेऊन जीवशास्त्रातून सुटलो, असे समजणाऱ्या मुलांना याचा धक्का बसतो. अर्जाआधी संस्थेच्या ओपनकोर्सवेअर या मोफत संकेतस्थळावर कलनशास्त्राचा पहिला विषय, म्हणजे तेथील भाषेत १८.०१, उघडून त्यातील गणिते सोडवून पाहावीत. आपल्याला हे खरेच हवे आहे का, ते आठवड्याभरात कळते. त्या संकेतस्थळावरील अभ्यासाचे प्रमाणपत्र मात्र मिळत नाही आणि ते अर्जात मिरवूही नये.

तेथे पदवीसाठी पोहण्याचीही अट आहे : शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, पोहून दाखवायचे किंवा पोहण्याचा वर्ग करायचा. पाठीला डबा बांधून विहिरीत उतरलेल्या आपल्याकडच्या मुलांना एवढी एक परीक्षा तरी सोपी जावी.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’

शिफारसपत्रे दोन लागतात : एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकांचे आणि दुसरे भाषा, इतिहास किंवा सामाजिक शास्त्राच्या शिक्षकांचे. येथे कोल्हापूरची खास अडचण उभी राहते. इंटिग्रेटेड बॅचमधील विद्यार्थी कनिष्ठ महाविद्यालयात फक्त प्रात्यक्षिकांना आणि परीक्षेला जातो, दिवसभर क्लासमध्ये बसतो. त्यामुळे महाविद्यालयाच्या शिक्षकांना त्याचा चेहरासुद्धा आठवत नाही. मग वर दिलेले वाक्य ऐकू येते, आणि सतरा वर्षांचा मुलगा स्वतःविषयी ‘अत्यंत हुशार, मेहनती आणि नम्र’ असे लिहून आणतो. ते अप्रामाणिक तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे, कारण पत्राकडून विशेषणांची अपेक्षा नसते. विद्यार्थ्याने एखादा प्रश्न कसा विचारला, चूक दाखवल्यावर काय केले, याची हकिकत हवी असते.

उपाय सोपा आहे, पण तो अकरावीतच करावा लागतो. भाषेच्या आणि गणिताच्या प्रत्येकी एका शिक्षकांच्या तासाला नियमाने बसावे, गृहपाठाच्या पलीकडचे काही दाखवावे आणि बारावीच्या जूनमध्येच पत्राची विनंती करावी. मराठीच्या बाईंचे पत्र चालते का, असे अनेकजण विचारतात. चालते, आणि पुष्कळदा तेच सर्वांत जिवंत असते. फक्त ते इंग्रजीत पोहोचले पाहिजे.

प्रमाणपत्रांची फाइल

ही चूक मला सर्वांत जास्त दिसते, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. संस्था इतर अनेक अमेरिकी विद्यापीठांप्रमाणे कॉमन ॲप, म्हणजे अनेक विद्यापीठांसाठीचा सामाईक ऑनलाइन अर्ज, वापरत नाही; तिचे स्वतःचे पोर्टल आहे. त्यात अभ्यासाबाहेरचे फक्त चार उपक्रम लिहिण्याची जागा असते आणि एका मोठ्या निबंधाऐवजी काही लहान उत्तरे द्यायची असतात, प्रत्येक साधारण एक-दोनशे शब्दांचे. आपल्याकडचा विद्यार्थी लॅमिनेट केलेल्या तीस प्रमाणपत्रांची फाइल घेऊन येतो आणि त्यांतली चार कोणती, या विवंचनेत पडतो.

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे अर्ज दाखवायला आलेल्यांपैकी एका मुलाच्या वडिलांची शिरोलीला लहानशी फाउंड्री होती. त्याच्या यादीत तीन ऑलिम्पियाड, अबॅकस, एक रोबोटिक्स शिबिर आणि वक्तृत्वाची दोन बक्षिसे होती. बोलता बोलता त्याने सहज सांगितले, की पावसाळ्यात कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे पडणारी छिद्रे, वाढतात आणि रिजेक्शन वाढते म्हणून त्याने जून ते सप्टेंबर दररोज मोल्डिंगच्या वाळूचा ओलावा मोजून एका दोनशे पानी वहीत लिहिला होता. पुढे त्याच वहीत रिजेक्ट झालेल्या नगांची संख्या, पावसाचा दिवस की उघडीप, आणि वाळू कोणत्या ढिगातली, असे रकाने होते. वहीच्या कडांना काळी वाळू चिकटलेली होती. ही वही अर्जात का नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘सर, तो घरचा धंदा आहे, ॲक्टिव्हिटी नाही.’

त्या विद्यापीठाचे ब्रीदवाक्य ‘मन आणि हात’ या अर्थाचे लॅटिन शब्द आहेत आणि त्याच्या बोधचिन्हावर पुस्तक हाती घेतलेल्या विद्वानाशेजारी हातोडा-ऐरणीसह कारागीर उभा आहे. १९६९ पासून तेथे पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या संशोधनात थेट सामील करून घेणारी योजना चालते, आणि नव्वद टक्क्यांहून अधिक विद्यार्थी पदवी मिळेपर्यंत केव्हा ना केव्हा तिच्यात काम करतात. अशा ठिकाणी वाळूची वही अबॅकसच्या प्रमाणपत्राहून कितीतरी बोलकी ठरते. ज्यांनी खरोखर काही बनवले आहे, मग ते उद्यमनगरातल्या लेथवर असो किंवा इचलकरंजीच्या मागावर, त्यांना ‘मेकर पोर्टफोलिओ’ म्हणून छायाचित्रे आणि छोटी चित्रफीत जोडण्याची सोयही आहे. ती ऐच्छिक आहे; शिबिरात तयार किट जोडून केलेला रोबो दाखवण्यासाठी ती वापरू नये.

आर्थिक मदत मागायला कचरणे

एका वर्षाचा एकूण खर्च ८५ हजार डॉलरहून अधिक आहे, हा आकडा पाहून बहुतेक घरांत विषय संपतो. परंतु परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीतही प्रवेशाचा निर्णय घेताना आर्थिक स्थिती न पाहणाऱ्या आणि नंतर कुटुंबाची संपूर्ण गरज भागवणाऱ्या मोजक्या अमेरिकी विद्यापीठांपैकी हे एक आहे. म्हणजेच मदत मागितल्याने प्रवेशाची शक्यता कमी होत नाही. २०२५ च्या शैक्षणिक वर्षापासून दोन लाख डॉलरपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न आणि त्याला साजेशी मालमत्ता असलेल्या कुटुंबांना शिक्षण शुल्क, आणि एक लाख डॉलरच्या आतील कुटुंबांना राहण्या-जेवणासह सर्वच खर्च माफ होणे अपेक्षित आहे. गुणांवर आधारित शिष्यवृत्ती मात्र नाही. ती शोधण्यात वेळ घालवू नये.

खरी अडचण कागदांची असते. सीएसएस प्रोफाइल या आर्थिक मदतीच्या अर्जात उत्पन्न, जमीन, घर, व्यवसाय, कर्ज असे सर्व विचारले जाते. शेती उत्पन्नावर प्राप्तिकर नसल्यामुळे ऊस लावणाऱ्या अनेक घरांत रिटर्न भरलेलेच नसते, आणि दुसरीकडे सवलतींसाठी काढलेला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ऐंशी हजारांचा असतो. त्याच कुटुंबाच्या पासबुकात कारखान्याच्या बिलापोटी सहा लाख जमा झालेले दिसतात. असे दोन कागद एकत्र पाठवले, की खुलासा मागितला जातो आणि विश्वासाला तडा जातो. कारखान्याची ऊस बिले, सोसायटीच्या कर्जाचा उतारा, बँकेचे विवरण आणि सातबारा यांची इंग्रजी भाषांतरे आधीच करून ठेवावीत आणि खरा आकडाच लिहावा. येथे तो लपवण्याची गरजही नसते, कारण आपल्याकडचे चांगले बागायतदार कुटुंबसुद्धा बहुधा त्या मर्यादेच्या बरेच आत असते.

नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे

आपल्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. आणि एसएटीच्या खात्यावर घाईत भरलेले केवळ नाव-आडनाव. संगणकाला ही तीन माणसे वाटतात आणि गुण अर्जाला जोडले जात नाहीत. पासपोर्ट आधी काढावा, त्यावरील नाव अक्षरशः जसेच्या तसे सर्वत्र वापरावे, आणि चूक होऊन गेली असल्यास दोन्ही ठिकाणी जन्मतारखेसह ई-मेल करून दुरुस्ती मागावी.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात असलेल्यांची चूक निराळी असते. ‘एमआयटीतून कॉम्प्युटरमध्ये एमएस’ असे ध्येय ते बाळगतात. पण तेथील विद्युत अभियांत्रिकी व संगणकशास्त्र विभाग बाहेरच्या विद्यार्थ्यांना केवळ मास्टर्ससाठी घेत नाही, थेट पीएचडीसाठीच घेतो, आणि जीआरई या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे गुण मागत नाही. तेथे संशोधनाचा अनुभव पाहिला जातो, आणि निवड झाल्यास शुल्क व निर्वाहाचा खर्च सहसा विभाग उचलतो. प्रत्येक विभागाची मुदत व अटी वेगळ्या असल्याने जीआरईचा क्लास लावण्यापूर्वी त्या विभागाचे पान वाचणे बरे.

अर्ज पाठवल्यानंतर

पदवीच्या अर्जाची पहिली मुदत नोव्हेंबरच्या आरंभी आणि नियमित मुदत जानेवारीच्या आरंभी असते. पाठवून झाले, की विद्यार्थी बारावीच्या अभ्यासाला लागतो आणि पोर्टल पाहणेच सोडून देतो. फेब्रुवारीत बारावीचे मधले गुण कळवण्याचा एक फॉर्म भरावा लागतो. तो नेमका आपल्या बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर येतो आणि राहून जातो. पूर्वपरीक्षेचे गुण महाविद्यालयाच्या शिक्क्यासह जानेवारीतच हाताशी ठेवावेत. मुलाखत माजी विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून घेतात आणि ती सर्वांना मिळतेच असे नाही. न मिळाल्यास त्याचा तोटा धरला जात नाही. मिळाल्यास पाठ केलेले उत्तर देऊ नये.

नियमित फेरीचा निकाल बहुधा १४ मार्चला, म्हणजे ‘पाय’च्या (३.१४) दिवशी, तेथील संध्याकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी लागतो. आपल्याकडे तेव्हा १५ तारखेची पहाटेची ३ वाजून ५८ मिनिटे झालेली असतात. त्या दिवशी बारावीचा पेपर असेल, तर गजर लावू नये आणि पोर्टल पेपर देऊन आल्यावरच उघडावे.