घरी जोडलेला ईसीयू: फ्युएल मॅपला हात लावण्याआधी या चुका टाळा

जिप्सीच्या 1.3 लिटर इंजिनावरचा कार्ब्युरेटर उतरवून मी इंजेक्टर आणि स्पीडुइनो बसवला, म्हणजे आर्डुइनो बोर्डवर चालणारा, घरी जोडता येणारा ईसीयू (इंजिनाचं इंधन आणि स्पार्क सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर). गाडी सुरू झाली, आयडलिंगही बरं होतं. लॅपटॉपवर कूलंटचं तापमान 82 दिसत होतं. हेडलाइट लावले, आकडा 91 झाला. बंद केले, पुन्हा 82. पाणी अर्ध्या सेकंदात नऊ अंश तापत नाही आणि निवतही नाही.

दोष अर्थिंगचा होता. ईसीयूचं अर्थिंग मी डॅशबोर्डखालच्या पत्र्याला दिलं होतं आणि सेन्सरचं इंजिन ब्लॉकला. हेडलाइटचा करंट पत्र्यातून बॅटरीकडे परतताना गंजलेल्या अर्थपट्टीवर साधारण 0.1 व्होल्ट पडत होते. गरम इंजिनात या सेन्सरचा सिग्नलच जेमतेम अर्धा व्होल्ट असतो, त्यामुळे एवढ्याशा फरकाने नऊ अंश इकडचे तिकडे होतात. ते कळेपर्यंत तीन संध्याकाळी मी मॅपमधले, म्हणजे कधी किती इंधन द्यायचं या तक्त्यातले, आकडे बदलण्यात घालवल्या होत्या.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे: अर्थिंग, ट्रिगर (क्रँक कुठे आहे हे सांगणारा सिग्नल) आणि टायमिंग (स्पार्क कधी पडतो ते) या तिन्हींची खात्री होईपर्यंत मॅपमधला एकही आकडा बदलू नका. चुकीच्या सिग्नलवर केलेलं ट्यूनिंग दोष झाकून ठेवतं. पुढे दोष सापडला की सगळा मॅप पुन्हा करावा लागतो.

ईसीयूच्या सगळ्या अर्थ वायर इंजिन ब्लॉकवर एकाच ठिकाणी, रंग खरवडून घट्ट आवळा. सेन्सरच्या अर्थ वायर मात्र ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच परत आणा, वाटेत कुठेही पत्र्याला टेकवू नका. मग इंजिन चालू ठेवून, हेडलाइट आणि ब्लोअर लावून, मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी ईसीयूच्या अर्थ पिनला लावा. तिथे 0.1 व्होल्ट दिसत असतील तर अजून काम बाकी आहे.

ट्रिगरची उलटी वायर

सगळ्यात फसवा दोष हाच. क्रँकवर 36-1 चं चाक असेल, म्हणजे 36 दातांपैकी एक गाळलेला, तर त्या रिकाम्या जागेवरून ईसीयू इंजिनाची स्थिती ओळखतो. हे दात वाचणारा दोन वायरींचा व्हीआर (चुंबकीय) सेन्सर एसी सिग्नल देतो. त्याच्या वायरी उलट लागल्या तरी गाडी बहुतेकदा सुरू होते! म्हणून कोणाला शंका येत नाही. आरपीएम वाढले की टायमिंग सरकू लागतं, नाहीतर सिंक, म्हणजे ईसीयू आणि क्रँकचा मेळ, तुटतो आणि गाडी मिसिंग करते.

ट्यूनरस्टुडिओ या लॅपटॉपवरच्या ट्यूनिंग सॉफ्टवेअरमधला टूथ लॉगर (दोन दातांमधला वेळ पट्ट्यांनी दाखवणारा आलेख) उघडून सेल्फ मारा. वायरी बरोबर असतील तर सारख्या उंचीच्या पट्ट्यांमध्ये एकच पट्टी दुप्पट उंच दिसते. तिच्याऐवजी शेजारीशेजारी दोन अर्धवट उंच पट्ट्या दिसल्या, तर सेन्सरच्या दोन वायरींची अदलाबदल करा. सेन्सरची वायर शील्ड असलेलीच घ्या, आणि शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला जोडा. दोन्ही टोकं जोडली तर त्या शील्डमधूनही करंट वाहू लागतो. सेन्सर आणि दात यांच्यातली फट एक मिलिमीटरच्या आसपास पुरे. फट जास्त असेल तर सेल्फच्या मंद फिरण्यात सिग्नल उमटतच नाही.

त्यानंतर टायमिंग लाइट. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग 10 अंशांवर फिक्स करा आणि पुलीवरची खूण बघा. आयडलला बघा, 3000 आरपीएमला पुन्हा बघा. खूण जागची हलता कामा नये. स्क्रीनवर दिसणारं टायमिंग ही ईसीयूची समजूत असते. ट्रिगर अँगल (गाळलेल्या दाताची जागा किती अंशांवर आहे तो आकडा) चुकीचा भरला असेल तर ती समजूत वीस अंशांनीही चुकू शकते, आणि लोडवर नॉकिंग होऊन पिस्टन जातो. या तपासणीच्या बाबतीत मी कुणालाही सवलत देत नाही.

कॉइलची स्पार्क सेटिंग उलटी निवडली तर कॉइल सतत चार्ज होत राहते. इंजिन न फिरवता नुसती चावी ऑन करून एक मिनिट थांबा. कॉइल हाताला गरम लागली तर लगेच कनेक्टर काढा.

गाडी चालता चालता क्षणभर मरते आणि पुन्हा उचलते, असं होत असेल तर लॉगमधला सेकंदांचा काउंटर बघा. तो 255 पर्यंत जाऊन शून्यावर येणं ठीक आहे. मध्येच शून्य झाला तर बोर्ड रीसेट होतोय. अशा वेळी स्पार्क प्लगवरचा नंबर वाचा: बीपीआर6ईएस मधला आर म्हणजे रेझिस्टर प्लग. रेझिस्टर नसलेले प्लग आणि साध्या तांब्याच्या प्लग वायरी यांचा नॉइज आर्डुइनोच्या बोर्डला सोसत नाही.

इंजेक्टरचा रेझिस्टन्स मोजूनच जोडा. 12 ते 16 ओहम असेल तर थेट चालेल, दोन-तीन ओहम निघाला तर सिरीजमध्ये रेझिस्टर हवाच, नाहीतर ईसीयूमधला इंजेक्टर चालवणारा ड्रायव्हर जळतो.

ई20 आणि 14.7 चा गोंधळ

आपल्याकडे पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळू लागल्यापासून ही नवी चूक दिसते. शुद्ध पेट्रोलसाठी हवा आणि इंधनाचं आदर्श प्रमाण 14.7, ई20 चं साधारण 13.5. हे वाचून लोक टार्गेट टेबलमध्ये 13.5 भरतात. पण सायलेन्सरच्या पाइपातला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर मोजतो लॅम्डा (मिश्रण आदर्श प्रमाणाच्या किती पट आहे ते; 1 म्हणजे अगदी आदर्श), आणि बहुतेक गेज त्या लॅम्डाला 14.7 ने गुणून आकडा दाखवतात. टाकीत ई20 असलं तरी लॅम्डा 1 ला गेजवर 14.7 च दिसणार. तिथे 13.5 गाठायला गेलात तर मिश्रण लॅम्डा 0.92 वर, म्हणजे कायम रिच (इंधन जास्त). प्लग काळे पडतात, अॅव्हरेज घसरतं, आणि संशय इंजेक्टरवर जातो. इंधन साधारण आठ-नऊ टक्के जास्त लागतं हे खरं, पण ती वाढ रिक्वायर्ड फ्युएल या मूळ इंधनाच्या सेटिंगमध्ये धरा. गेज आणि टार्गेट टेबल दोन्ही लॅम्डावर ठेवले की हा घोळ उरत नाही.