कॅम्पर व्हॅनला मोटरची ऑनिंग बसवावी का: निवड, जोडणी आणि वापर

इंदूरहून मांडू, महेश्वर आणि ओंकारेश्वर ही तिन्ही ठिकाणे शंभर किलोमीटरच्या आत आहेत, आणि कॅम्पर व्हॅनसाठी आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी फोर्स ट्रॅव्हलर शेजारच्या पीथमपुरातच तयार होते. त्यामुळे अशी गाडी घरच्या गरजेप्रमाणे बांधून घेण्याचा विचार इथल्या मराठी कुटुंबांतही होऊ लागला तर त्यात नवल नाही. गाडीत चार माणसांना झोपता येते, पण दिवसभर बसायला ती अपुरी पडते. म्हणूनच दाराच्या बाजूला उघडणारी कापडी ऑनिंग, म्हणजे गुंडाळून ठेवता येणारे सावलीचे छत, ही आतल्या पलंगाइतकीच गरजेची वस्तू ठरते. ती हाताने फिरवायची घ्यावी की बटणावर चालणारी, हा प्रश्न बहुतेक जण उघडण्याच्या सोयीच्या अंगाने विचारतात. माझ्या मते तो मिटण्याच्या अंगाने विचारायला हवा. ऑनिंग उघडताना कोणालाच घाई नसते. मे महिन्याच्या दुपारी अचानक वारा सुटल्यावर ती मिटताना मात्र असते, आणि मोटरचा खरा फायदा व खरा धोका हे दोन्ही त्याच वेळी समोर येतात.

पहिली पायरी: रचना समजून घेणे

ऑनिंगचे कापड एका लांब नळीवर गुंडाळलेले असते. हाताच्या प्रकारात ही नळी हँडलने फिरते. मोटरच्या प्रकारात नळीच्या एका टोकात बसवलेली 12 व्होल्टची मोटर ती फिरवते. कापड ताणून धरण्याचे काम दोन आर्म करतात. अमेरिकी पद्धतीच्या ऑनिंगमध्ये हे आर्म गाडीच्या बाजूलाच टेकलेले असतात आणि त्यांना वायूचे दट्टे किंवा स्प्रिंगा असतात, त्यामुळे जमिनीवर काही टेकवावे लागत नाही. युरोपीय पद्धतीत कापड, नळी आणि घडीचे आर्म हे सगळे एका बंद पेटीत, म्हणजे कॅसेटमध्ये, सामावलेले असते आणि उघडल्यावर पुढच्या पट्टीतून दोन पाय खाली काढून जमिनीवर टेकवायचे असतात. हे पाय मोटरच्या ऑनिंगमध्येही हातानेच काढावे लागतात. जाहिरातीतील चित्रांत दिसणारे ‘एका बटणावर सगळे’ हे म्हणूनच अर्धवट खरे आहे, आणि गाडीतील सर्वात वयस्कर माणसाला एकट्याने ऑनिंग उघडता येईल का, याची खात्री खरेदीआधी प्रत्यक्ष करून घ्यावी.

दुसरी पायरी: वाऱ्याचा आणि पाण्याचा हिशेब करणे

तीन मीटर लांब आणि अडीच मीटर बाहेर येणारी ऑनिंग म्हणजे साडेसात चौरस मीटरचे शीड होय. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ढोबळ हिशेबाने ताशी 40 किलोमीटरच्या वाऱ्यात एवढ्या कापडावर साधारण 55 किलो वजनाइतका जोर येऊ शकतो, आणि तोच वारा ताशी 60 किलोमीटरचा झाला की जोर 125 किलोच्या पुढे जातो. वारा दीडपट झाला, पण जोर सव्वादोनपट झाला. ‘थोडा वारा वाढला तर मिटू’ असे म्हणत बसणाऱ्याला वेळ कमी पडतो तो यामुळेच.

पाण्याचे गणित आणखी सोपे आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 10 मिलिमीटरची एक सर कापडावर साचून राहिली तर 75 लिटर, म्हणजे 75 किलो भार आर्मवर लटकतो. वळवाच्या पावसात एवढी सर अर्ध्या तासात सहज पडते. ऑनिंगचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा बऱ्यापैकी खाली ठेवण्याची सोय नसेल, तर असे मॉडेल माळव्यात घेऊ नये, मग त्याला मोटर असो वा नसो.

तिसरी पायरी: मोटर काय देते आणि काय काढून घेते हे पारखणे

मोटरची ऑनिंग साधारण मिनिटभरात किंवा त्याहूनही कमी वेळात मिटते, आणि ती मिटण्यासाठी कोणाला उघड्या वाऱ्यात हँडल घेऊन उभे राहावे लागत नाही. खांदे किंवा मनगटे दुखत असलेल्या माणसासाठी ही सोय मोलाची आहे. तिच्यामुळे ऑनिंग वारंवार मिटण्याचा कंटाळा राहत नाही, हा त्याहून मोठा फायदा मला वाटतो. हाताची ऑनिंग मिटायला लागणारी मेहनत टाळण्यासाठी माणसे तासाभरासाठी गावात जाताना ती तशीच उघडी टाकून जातात, आणि बरीचशी मोडतोड अशाच वेळी होते. बटण असले की ‘मिटून जाऊ’ हे पटकन मनात येते.

मात्र हाताच्या ऑनिंगमध्ये बिघडण्यासारखे फारसे काही नसते. वाकलेला हँडल कोणत्याही वर्कशॉपमध्ये सरळ होतो. मोटरच्या प्रकारात मोटर, स्विच, फ्यूज, वायर, रिमोट आणि संवेदक या प्रत्येकाची भर पडते, आणि यांतील बहुतेक भाग परदेशातून येतात. आतली मोटर सहसा दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. सर्वात अडचणीची गोष्ट अशी की मोटर बंद पडल्याचे बहुधा ऑनिंग उघडी असतानाच कळते. अडीच मीटर बाहेर आलेले कापड घेऊन गाडी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून वीज नसताना ही ऑनिंग हाताने कशी मिटते, हे विक्रेत्याने आपल्यासमोर करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. काही मॉडेलमध्ये हँडल लावायची कडी असते, काहींमध्ये नळीच्या टोकाला ड्रिल मशीन लावून ती फिरवावी लागते. ज्यात हे काम शिडीवर चढून झाकण उघडल्याशिवाय होत नाही, ते मॉडेल मी कोणाला सुचवणार नाही.

वाऱ्याच्या संवेदकाबद्दलही स्पष्ट सांगितले पाहिजे. हा संवेदक बहुधा पुढच्या पट्टीत असतो आणि पट्टी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त हलली की ऑनिंग आपोआप मिटायला सुरुवात करतो. तो वाऱ्याचे भाकीत करत नाही. धक्का बसल्यावरच जागा होतो. शिवाय पाय जमिनीत ठोकलेले असतील किंवा पट्टीला दोऱ्या बांधलेल्या असतील, तर आपोआप मिटणारी मोटर त्या दोऱ्यांशीच झगडते. म्हणून संवेदक चालू असेल तेव्हा काहीही बांधू नये, आणि काही बांधायचेच असेल तर तो आधी बंद करावा. ऑनिंग उघडी ठेवून झोपणे किंवा सगळ्यांनी फिरायला जाणे संवेदकाच्या भरवशावरही योग्य नाही.

चौथी पायरी: डावी बाजू, माप आणि कागदपत्रे

आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डावीकडून चालतात, त्यामुळे प्रवाशांचे दार डावीकडे असते. अमेरिकेतील आणि युरोप खंडातील बहुतेक गाड्यांचे दार उजवीकडे असते, आणि तिथल्या ऑनिंगची मोटर, वायर बाहेर येण्याची जागा व कॅसेटचा आकार त्या हिशेबाने ठरलेला असतो. मागवताना ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियासाठी असलेले डाव्या बाजूचे मॉडेल मागितले नाही, तर वायरचे टोक भलतीकडेच येऊ शकते. ऑनिंग डावीकडे बसते याचा आणखी एक परिणाम होतो: रस्त्याकडेची बाभूळ आणि निंबाच्या फांद्या त्याच बाजूला येतात. म्हणून कॅसेट शक्य तेवढी छताच्या कडेला चिकटून असावी आणि ती बसवल्यानंतर गाडीची एकूण रुंदी किती झाली, ते मोजून डॅशबोर्डवर लिहून ठेवावे.

अशा कॅसेटचे वजन साधारण 20 ते 30 किलो भरते, आणि भेरू घाटासारख्या वळणांवर ते सतत हिसके खाते. नुसत्या पत्र्याला स्क्रू मारून ते टिकत नाही; आतल्या सांगाड्याच्या पट्ट्यांना ब्रॅकेट बोल्टने आवळावे लागतात आणि प्रत्येक भोक सीलंटने बंद करावे लागते, नाहीतर पहिल्या पावसातच आतली लाकडी कपाटे फुगतात. मोटर वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीच्या रचनेत बदल करण्यावर निर्बंध आहेत, त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

पाचवी पायरी: वायरिंग

दहा अँपिअर घेणारी मोटर मिनिटभर चालली तरी बॅटरीतून जेमतेम 0.17 अँपिअर-तास खर्च होतात, त्यामुळे शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीला तिचा भार जाणवतही नाही. अडचण येते ती पातळ वायरमुळे. बॅटरीपासून मोटर पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबे होते. एवढ्या अंतरात दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत दहा अँपिअरला सुमारे 1.2 व्होल्ट वाया जातात, तर चार चौरस मिलिमीटरच्या वायरीत अर्धा व्होल्टसुद्धा जात नाही. बॅटरी थोडी उतरलेली असताना हाच फरक मोटर अडकण्यात आणि चालण्यात पडतो. जोडणी इंजिनच्या बॅटरीला न देता घरगुती वापराच्या वेगळ्या बॅटरीला द्यावी, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा, आणि स्विच लहान मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर असावा, कारण घडी होणाऱ्या आर्ममध्ये बोटे सापडू शकतात. इंजिन चालू असताना ऑनिंग उघडूच नये अशी रिले-जोडणी करून मिळते. ती अवश्य करून घ्यावी.

सहावी पायरी: गाडी कोणत्या दिशेला उभी करावी

जागेची निवड मोकळी असेल तेव्हा गाडीचे नाक दक्षिणेकडे ठेवावे. तसे केले की डावीकडचे दार आणि ऑनिंग पूर्वेकडे येते, आणि दुपारी तीननंतरचे पश्चिमेचे कडक ऊन गाडीच्या अंगावर अडते. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला असल्यामुळे मे-जूनच्या मध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा सावली ऑनिंगच्या बरोबर खाली पडते. उन्हाळ्यातला आणि पावसाळ्यातला वारा माळव्यात बहुतांशी पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे गाडी स्वतःच कापडाला आडोसा देते. वळवाचा वारा मात्र कोणत्याही दिशेने येतो आणि हा आडोसा त्याला पुरत नाही. हनुवंतियासारख्या, इंदिरा सागरच्या विस्तीर्ण पाण्याकाठच्या जागी तर दुपारनंतर ऑनिंग अर्धीच उघडणे बरे.

सातवी पायरी: उघडणे आणि मिटणे

उघडण्यापूर्वी हँडब्रेक ओढलेला आहे, वर फांदी किंवा तार नाही आणि दार ऑनिंगला घासत नाही, हे बाहेर उभे राहून पाहावे. बटण दाबून अर्ध्यावर थांबावे, दोन्ही आर्म सारखे पुढे आले आहेत का ते बघावे आणि मगच पूर्ण उघडावे. मिटताना आधी पाय घडी करावेत, कापडावरची पाने आणि काटक्या झटकाव्यात, आणि कापड नळीवर सरळ गुंडाळले जाते आहे का याकडे शेवटपर्यंत लक्ष ठेवावे. एका बाजूला सुरकुती आली तर थोडे परत उघडून पुन्हा मिटावे. जोर लावून मिटलेली सुरकुती पुढच्या वेळी कापड फाडते. मोटर सलग अनेकदा मागेपुढे चालवू नये, कारण ती तापते आणि तापल्यावर काही मोटरी स्वतःहून थांबतात.

प्रवासाला निघताना आणखी एक काम राहते. हाताच्या अनेक ऑनिंगना बंद स्थितीत अडकवणारा खटका असतो, तर मोटरच्या ऑनिंगला पुष्कळदा मोटरचा आणि गिअरचा ब्रेकच धरून ठेवतो. तो झिजला की हमरस्त्यावर वाऱ्याने कापड हळूहळू बाहेर येऊ लागते. आर्म कॅसेटमध्ये न जाता बाहेरच राहत असतील, तर लांबच्या प्रवासाआधी दोन्ही आर्मना पट्टे बांधणे हा त्यावरचा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

आठवी पायरी: कापड आणि निगा

पीव्हीसीचा लेप असलेले कापड पाणी अजिबात आत येऊ देत नाही, पण ते श्वास घेत नाही. ओले असताना गुंडाळले तर दोन-तीन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके दिसू लागतात. धाग्यातच रंग मुरवलेले अ‍ॅक्रिलिक कापड लवकर वाळते आणि उन्हात त्याचा रंग टिकतो, मात्र जोराच्या सततच्या पावसात त्यातून ओल झिरपू शकते. वर्षातले आठ महिने ऊन सोसणाऱ्या आपल्या भागात मी अ‍ॅक्रिलिकला प्राधान्य देईन. पावसात ओले कापड मिटावेच लागले, तर घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी, ते पूर्ण उघडून वाळवावे.

काळ्या मातीची धूळ कापडावर बसून ओली झाली की डाग घट्ट धरते. ती आधी कोरडीच मऊ ब्रशने झाडावी, नंतर सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावी. ब्लीच किंवा पेट्रोलसारखे द्रव वापरू नयेत. आर्मच्या सांध्यांना ग्रीस किंवा तेल लावल्यास त्यावर धूळ चिकटून खरवड तयार होते, म्हणून सिलिकॉनचा कोरडा फवारा वापरावा. एप्रिलमध्ये आणि पुन्हा पावसाळ्यानंतर बोल्ट आवळून पाहावेत, भिंतीकडचे सीलंट तपासावे आणि वीज बंद करून ऑनिंग एकदा पूर्ण हाताने मिटावी. हँडल किंवा ड्रिलचा योग्य बिट गाडीतच, सहज सापडेल अशा जागी ठेवावा.

काही वर्षांनी फक्त कापड बदलायची वेळ येते. तेव्हा लक्षात ठेवावे की अमेरिकी पद्धतीच्या ऑनिंगचे छापील माप एका आर्मच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे असते आणि प्रत्यक्ष कापड त्याहून आखूड असते. म्हणून नवीन कापड छापील मापावरून न मागवता जुने कापड पूर्ण उघडून, शिवणीपासून शिवणीपर्यंत टेपने मोजूनच मागवावे.