सीमेकमध्ये लायब्ररीचं नाव: ‘लिब’ आपण लावायचं नाही

सीमेक म्हणजे सी/सी++ प्रकल्प बिल्ड करण्याच्या सूचना तयार करणारं साधन. समजा त्यात लायब्ररीचं नाव ‘गणित’ आहे. लिनक्सवर तिची फाइल होते लिबगणित.एसओ, मॅकवर लिबगणित.डायलिब आणि विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने नुसती गणित.डीएलएल. हे सगळं सीमेक स्वतः लावतं. सीमेकलिस्ट्स फाइलमध्ये आपण हाताने लिहायला गेलो की घोळ सुरू होतो.

१. ॲड_लायब्ररीत नाव ‘गणित’ एवढंच द्या. ‘लिबगणित’ दिलंत तर लिनक्सवर लिबलिबगणित.एसओ तयार होते. ‘गणित’ नावाचं एक्झिक्युटेबल आधीच असेल, तर टार्गेटला (सीमेकमधल्या लायब्ररीच्या नोंदीला) दुसरं नाव देऊन आउटपुट_नेम (तयार फाइलचं नाव) ‘गणित’ ठेवा. प्रीफिक्स (म्हणजे ‘लिब’) रिकामा करणं फक्त प्लगइनसाठी ठीक. इतरत्र लिंकर (प्रोग्रामला लायब्ररी जोडणारं साधन) ‘लिब’ धरूनच फाइल शोधतो.

२. स्टॅटिक (प्रोग्राममध्येच मिसळणारी) आणि शेअर्ड (चालताना वेगळी लोड होणारी) दोन्ही हव्या असतील तर दोन टार्गेट करा. लिनक्सवर एक्स्टेन्शन वेगळं असल्याने दोघांचं आउटपुट_नेम एकच चालतं. व्हिज्युअल स्टुडिओत मात्र स्टॅटिक लायब्ररीही गणित.लिब आणि डीएलएलची इम्पोर्ट लायब्ररीही (डीएलएलशी लिंक करताना लागणारी फाइल) गणित.लिब! एक दुसरीवर लिहिली जाते. तिथे स्टॅटिकला ‘गणित_स्टॅटिक’ म्हणा.

३. व्हर्जन १.४.२ आणि एसओव्हर्जन १ द्या. खरी फाइल लिबगणित.एसओ.१.४.२ बनते; .एसओ.१ आणि .एसओ या तिच्याकडे नेणाऱ्या सिमलिंक. चालू प्रोग्राम .एसओ.१ मागतो, लिंकर नुसती .एसओ. एबीआय (आधी बनलेल्या प्रोग्रामशी असलेला बायनरी पातळीवरचा मेळ) मोडला तरच एसओव्हर्जन वाढवा. फाइलीत कोणतं नाव कोरलं गेलंय ते ‘रीडएल्फ -डी’च्या एसओनेम ओळीत दिसतं.

४. दुसऱ्याची लायब्ररी शोधताना फाइंड_लायब्ररीच्या नेम्समध्ये सगळी संभाव्य नावं द्या. झेडलिब (डेटा कॉम्प्रेस करणारी लायब्ररी) लिनक्सवर ‘झेड’ असते, विंडोजवर बहुधा ‘झेडलिब’. तिच्यासाठी खरं तर फाइंड_पॅकेज वापरावं. ही नावं त्याला आधीच ठाऊक असतात.

लायब्ररी मशीनवर असूनही सापडत नाही? डेबियन-उबुंटूवर झेडलिब१जी पॅकेजमध्ये फक्त .एसओ.१ आणि पूर्ण आवृत्तीची फाइल येते. लिंकरला लागणारी सिमलिंक झेडलिब१जी-डेव्ह पॅकेजात असते, ते बसवा.

याहून फसवा प्रकार म्हणजे जुनाच पाथ परत परत मिळणं. ‘नॉटफाउंड’ आलं तर सीमेक पुढच्या वेळी पुन्हा शोधतं, पण एकदा सापडलेला पाथ, मग तो चुकीचा का असेना, कॅशमध्ये (सीमेकने साठवलेल्या नोंदींत) ठाण मांडून बसतो. नेम्स कितीही बदला, फरक पडत नाही. ‘सीमेक -यू’ पुढे तो पाथ साठवलेल्या व्हेरिएबलचं नाव देऊन नोंद काढा आणि पुन्हा कॉन्फिगर करा.

५. फाइल कॉपी करायच्या कमांडमध्ये पूर्ण नाव लिहू नका, टार्गेट_फाइल हे जनरेटर एक्स्प्रेशन (खरा पाथ स्वतः भरणारी सीमेकची खूण) वापरा. डीबग_पोस्टफिक्स ‘डी’ ठेवला असेल तर डीबग बिल्डमध्ये नाव लिबगणितडी.एसओ होतं, आणि हाताने लिहिलेली कमांड नेमकी तिथेच अडकते.