फोटोवरून व्हिडिओकडे वळताय? या चुका टाळा

२००८ साली निकॉनचा डी९० आला, पाठोपाठ कॅननचा ५डी मार्क टू आला आणि फोटोच्या कॅमेऱ्यातच व्हिडिओची सोय झाली. आता यूट्यूब आणि रील्समुळे लग्नाचे फोटो काढणाऱ्यापासून पक्षी टिपणाऱ्यापर्यंत सगळेच तिकडे वळतायत. कॅमेरा तोच, लेन्स त्याच, नजरही तयार. म्हणजे निम्मं काम झालंच, असं वाटतं. पण काही ठिकाणी नवख्यापेक्षा मुरलेला फोटोग्राफरच जास्त अडखळतो, कारण त्याच्या बोटांना फोटोच्या सवयी जडलेल्या असतात.

क्षण मिळाला की रेकॉर्डिंग बंद

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. वारीतलं गोल रिंगण घ्या. फोटोग्राफरचा सगळा जीव अश्वाचे चारही पाय हवेत असतात त्या क्षणात अडकलेला. तो मिळाला की काम झालं. व्हिडिओला मात्र त्याच्या आधीचं आणि नंतरचं हवं असतं: टाचा उंचावून वाट बघणारी माणसं, अश्व जवळ येईल तसा चढत जाणारा 'माउली, माउली'चा गजर, तो गेल्यावर हवेत तरंगणारी धूळ, आणि टापांखालची माती कपाळाला लावायला धावलेली गर्दी. माझ्या मते त्या मातीसाठी वाकलेले हात धावत्या अश्वापेक्षा जास्त सांगून जातात, आणि नेमके तेव्हा बहुतेक कॅमेरे खाली गेलेले असतात.

उपाय साधा आहे. अश्व चौकटीत यायच्या आधी रेकॉर्डिंग सुरू करा आणि तो बाहेर गेल्यावरही निदान दहा सेकंद चालू ठेवा. त्याच्या मागे मागे कॅमेरा फिरवू नका. चौकट लावा, स्थिर धरा आणि त्याला तिच्यातून जाऊ द्या. शिवाय प्रत्येक प्रसंगाचा एक लांबचा, एक मधला आणि दोन-तीन अगदी जवळचे शॉट घ्या. टाळ धरलेले हात, कपाळावरचा घामाने ओघळलेला बुक्का हे आपण सवयीने टिपतोच. राहतो तो लांबचा शॉट. मग बघणाऱ्याला आपण कुठे आहोत तेच कळत नाही आणि एडिटिंगला बसल्यावर तुकडे एकमेकांना जोडता येत नाहीत.

शटर फोटोचाच

शटर म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ. फोटोत हालचाल गोठवायला १/१००० सेकंद वापरायची सवय असते. त्याच शटरवर व्हिडिओ केला तर चालणारा माणूसही तुटक तुटक चालतो. सेकंदाला २५ फ्रेम घेत असाल तर शटर १/५० ठेवा, म्हणजे खालचा आकडा फ्रेमच्या साधारण दुप्पट.

मग दुपारच्या उन्हात चित्र पांढरं फटक पडतं. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/२.८ आणि शटर १/५० असेल तर प्रकाश सुमारे सहा स्टॉप जास्त होतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). अनेक जण इथे अ‍ॅपर्चर बारीक करून एफ/१६ वर जातात आणि महागड्या लेन्सचं धूसर बॅकग्राउंड घालवून बसतात. त्यापेक्षा एनडी६४ फिल्टर लावा; ही लेन्ससमोरची गडद काच प्रकाश ६४ पट कमी करते. फिरवून गडद-फिकट होणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा खरा, पण वाइड लेन्सवर पार गडद केला की आकाशात फुलीसारखी सावली उमटते.

मंगल कार्यालयात वेगळीच डोकेदुखी. डोळ्यांना दिवे स्थिर दिसतात आणि व्हिडिओत काळे पट्टे सरकत राहतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. ६० फ्रेम आणि १/१२५ शटर त्यांच्याशी जुळत नाही. कॅमेऱ्याच्या मेनूत पाल (२५/५० फ्रेम) आणि एनटीएससी (३०/६० फ्रेम) असा पर्याय असेल तर पाल निवडा. साध्या शूटसाठी २५ फ्रेम आणि १/५०, स्लो मोशनसाठी ५० फ्रेम आणि १/१००. स्टेजमागच्या एलईडी वॉलचा आणि रंगीत दिव्यांचा ताल मात्र वेगळा असू शकतो. पाहुणे यायच्या आधी डेकोरेशनवाल्याला ते लावायला सांगा आणि शटर थोडा थोडा बदलून पट्टे कुठे थांबतात ते बघून ठेवा.

'नंतर दुरुस्त करू'

रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला फोटो, हे परातीतलं पीठ, पाणी कमी-जास्त करून सावरता येतं. आठ-बिट व्हिडिओ, म्हणजे रंगांच्या मोजक्याच छटा साठवणारा, ही तव्यावरून उतरलेली भाकरी. पांढरा पडलेला शालू परत येत नाही. झेब्रा (जास्त उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय) सुरू ठेवा आणि एक्सपोजर जागेवरच नीट करा. ऑटो व्हाइट बॅलन्सही बंद करा, नाहीतर नवरी खिडकीजवळून मांडवात येईपर्यंत तिच्या चेहऱ्याचा रंग एकाच शॉटमध्ये बदलतो.

नंतर रंग ताणता यावेत म्हणून फिकं चित्र साठवणाऱ्या लॉग प्रोफाइलचं आकर्षण सगळ्यांनाच असतं. आठ-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा, दहा-बिटमध्ये १०२४. आठ-बिट लॉग ताणला की संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसायला लागतात. कॅमेरा दहा-बिट देत नसेल तर लॉगच्या वाटेला जाऊच नका.

आवाजाला सावत्र वागणूक

गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा दांडा) घेण्याआधी माइक घ्या, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण आधी गिंबलच घेतो. कॅमेऱ्यावरच्या माइकला दिवे घाटात वारा ऐकू येतो आणि कार्यालयात पंखा. कॉलर माइक लावतानाही जागा बघा. पैठणीच्या पदराला घासला की प्रत्येक हालचालीला सळसळ येते, मंगळसूत्राजवळ लावला की बारीक टिकटिक. हनुवटीखाली वीतभर अंतरावर, दागिन्यांपासून दूर लावा आणि उघड्यावर त्याला फरची टोपी घाला. आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारा ऑटो गेन बंद ठेवा. बोलताना आवाजाची वरची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास असू द्या. हेडफोन न लावता केलेलं शूट म्हणजे डोळे मिटून काढलेला फोटो.

उभं की आडवं

हे शूटच्या आधी ठरवा. आडव्यातून उभी रील कापली की तुमची काळजीपूर्वक बांधलेली चौकट गेली. यूट्यूबचा उभा छोटा व्हिडिओ, म्हणजे शॉर्ट, ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत चालतो, पण चालतो म्हणून ताणायचं काही कारण नाही.

हळदीला गाजलेलं गाणं

हळदीच्या व्हिडिओला गाजलेलं गाणं लावलं तर यूट्यूबची कंटेंट आयडी नावाची यंत्रणा ते ओळखते. तिच्याकडून दावा आला तर बहुतेक वेळा व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे वळते. कॉपीराइट स्ट्राइक हे वेगळं आणि जास्त गंभीर प्रकरण; ९० दिवसांत तीन आले तर चॅनेलच बंद होऊ शकतं. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत मिळतं. आणि सनई-चौघडा किंवा जात्यावरची ओवी तिथेच नीट रेकॉर्ड केली असेल, तर निम्म्या वेळा वेगळ्या संगीताची गरजच पडत नाही.

थंबनेल व्हिडिओतून उचलणं

फोटोग्राफरने ही चूक करावी याचं नवलच वाटतं. १/५० शटरवर घेतलेल्या व्हिडिओची एक फ्रेम थांबवली तर हलता हात, वळता चेहरा पुसट असणारच. शूट चालू असतानाच मिनिटभर काढून थंबनेलसाठी वेगळा फोटो घ्या, १/२५० किंवा त्याहून वेगवान शटरवर. चौकट १६:९ ठेवा, १२८० बाय ७२० पिक्सेल पुरेत. मजकुरासाठी एका बाजूला मोकळी जागा सोडा आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात महत्त्वाचं काही ठेवू नका. तिथे यूट्यूब व्हिडिओची लांबी दाखवतं.