एकाच गाण्यात पट्टी बदलायची तर

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात द्वंद्वगीत आलं की पहिली अडचण पट्टीची, म्हणजे कोणता सूर सा धरायचा याची. नायक काळी एकमध्ये (पेटीवर सप्तकातली पहिली काळी पट्टी सा धरून) गातो, नायिकेला ती खाली पडते. मधली धरली तर दोघंही अवघडतात. म्हणून चाल बांधतानाच ठरवा: त्याचं कडवं काळी एक, तिचं काळी तीन. काळी तीन म्हणजे काळी एकचा मध्यम. हीच जोडी का, तर तबल्यासाठी. काळी एकला लावलेला दायाँ (उजव्या हाताचा तबला) काळी तीनमध्ये पंचम होतो, हातोडी उचलावीच लागत नाही. ऑर्केस्ट्रावाले सरसकट अर्धा सूर चढतात. तिथे तबल्याचा सा नव्या पट्टीचा नी होतो आणि दर समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, टोचतो. खंजिरी भजनात तेवढी अडचण नाही, खंजिरीला ठरलेला सूर नसतो.

आता एका पट्टीतून दुसरीत नेणारा पूल बांधू. काळी एकची मेजर कॉर्ड (एकत्र दाबलेले सा, ग, प) म्हणजे काळी एक, पांढरी चार, काळी चार. तिच्यात कोमल नी, म्हणजे पांढरी सात, घातला की कॉर्ड अस्वस्थ होते आणि काळी तीनकडे ओढते. पेटीवर डावा हात भात्यावर असतो, शिवाय चार सूर दाबले की हवा झपाट्याने संपते. तेव्हा पंचम सोडा. काळी एक, पांढरी चार, पांढरी सात एवढे तीनच धरा. मग अंगठा काळी एकवरच ठेवून पांढरी चारवरून काळी तीनवर चढा आणि पांढरी सातवरून काळी पाचवर उतरा. दोन बोटं अर्धा-अर्धा सूर सरकली, की नवी पट्टी लागली.

केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात, दोन आवर्तनं पुरतात. पहिलं साध्या कॉर्डवर. दुसऱ्यात चार मात्रा साध्या, शेवटच्या चार कोमल नीच्या. पुढच्या समेला काळी तीन. त्यानंतर एक आवर्तन नवा सा घुमू द्या. नायिकेला सूर मिळायच्या आत सुरुवातीचा इशारा दिला, तर ती हमखास जुन्याच सावर उचलते.

कोमल नी गाण्याच्या ओळीखाली नको, मधल्या वाजवण्यातच ठेवा. भूप रागाच्या चालीत तर नी वर्ज्यच. ओळीखाली आला की चालीचा रंगच उडतो.

पेटीचे आधारसुराचे खटके पट्टी बदलायच्या आधी आत ढकला. जुना सा मागे घुमत राहिला तरी चालून जाईल, तो नवा पंचमच आहे. पण जुना पंचम म्हणजे काळी चार राहिला, की तो नवा रिषभ होऊन गढूळ करतो. पुस-माघात उघड्या मंडपात दव पडतं, पुडी (तबल्याचं कातडं) ढिली होऊन तबल्याचा सूर उतरतो. दोष पट्टीबदलाला देण्याआधी दायाँ तपासा.

परत यायला काळी चार, पांढरी एक, काळी तीन धरा. पांढरी एक हा काळी तीनचा तीव्र मध्यम, तोच काळी एकचा नी. तिथून सा एक पाऊल.

पट्टी न बदलता नुसता रंग हवा असेल, विरहाच्या ओळीला बहुतेकदा एवढंच पुरतं, तर काळी एकमध्ये मध्यमाची कॉर्ड धरा: काळी तीन, काळी पाच, काळी एक. दोन मात्रांनी त्यातली काळी पाच सोडून पांढरी सहा दाबा, मग काळी चारवर येत साची कॉर्ड. ध, कोमल ध, प. मात्र गायक त्या क्षणी शुद्ध धवर थांबलेला नसावा.